घरासमोरच्या रस्त्याचं भवितव्य: सिटी-काउंटीच्या संयुक्त नियोजनात आपलं म्हणणं वेळेवर कसं मांडावं

अमेरिकेत तुमच्या घराजवळचा जो रस्ता रोज संध्याकाळी तुंबतो, तो कोणाच्या ताब्यात आहे हे सगळ्यात आधी शोधा. सिटीच्या हद्दीत तो सिटीचा असेल, हद्द ओलांडली की काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी), आणि त्याला राज्य महामार्गाचा क्रमांक असेल तर राज्याच्या परिवहन खात्याचा. दोन-तीन मैलांत एकाच रस्त्याचे मालक बदलत जातात. व्हर्जिनियात तर १९३२ च्या कायद्यापासून काउंट्यांमधले बहुतेक रस्ते राज्यच सांभाळतं. आर्लिंग्टन आणि हेन्रायको या दोन काउंट्या तेवढ्या अपवाद. बाकीच्या काउंट्यांत काउंटीचा कारभार बघणाऱ्या बोर्डापुढे रस्त्याबद्दल कितीही तळमळीने बोललात, तरी फावडं बोर्डाच्या हातात नाही. बहुतेक काउंट्यांच्या संकेतस्थळावर जीआयएस, म्हणजे संगणकीय, नकाशा असतो. त्यात रस्त्यावर क्लिक केलं की देखभाल कोणाकडे आहे ते कळतं, आणि नाहीच कळलं तर पब्लिक वर्क्स खात्याला एक फोन करा.

मी अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात एमपीओमध्ये काम करते, वाहतुकीची मॉडेलं चालवते. एमपीओ म्हणजे महानगर नियोजन संस्था: सिटी, काउंटी, राज्याचं परिवहन खातं आणि बससेवा यांना एका टेबलाशी बसवणारी. १९६२ च्या संघीय महामार्ग कायद्याने अट घातली, की ५०,००० हून जास्त वस्तीच्या नागरी भागाला रस्त्यांसाठी केंद्राचा पैसा हवा असेल तर राज्याने आणि स्थानिक संस्थांनी मिळून, सातत्याने आणि सगळ्या बाजूंचा विचार करून नियोजन केलं पाहिजे. आजच्या एमपीओ त्यातूनच उभ्या राहिल्या. आमच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात, पण तिथे मराठी चेहरे क्वचितच दिसतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण आपल्यातले कितीतरी जण नेमके हद्दीवरच्या नव्या वसाहतींत राहतात: टपालाचा पत्ता शहराचा, कर काउंटीला, शाळा तिसऱ्याच डिस्ट्रिक्टची. सिटी आणि काउंटीचं जमलं नाही तर त्याची झळ सगळ्यात आधी याच घरांना लागते. आणि आमच्या बैठकांत बोलायला नागरिकत्व लागत नाही. एचवनबी व्हिसावर असा किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत, तुम्ही त्या भागात राहता एवढं पुरे.

लोक येतात, पण कधी? शेताच्या कडेला ‘रीझोनिंगसाठी अर्ज’ अशी पाटी लागते तेव्हा, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर बदलायचा अर्ज आल्यावर. अशाच एका सुनावणीत सभागृह भरून लोक उभे होते, चारशे घरांच्या वसाहतीला विरोध करायला. त्यांचं म्हणणं खरं होतं, रस्ता अरुंदच होता. पण त्या जमिनीपर्यंत सांडपाण्याची मुख्य वाहिनी न्यायचं कित्येक वर्षांपूर्वीच ठरलं होतं, सिटी-काउंटीच्या संयुक्त आराखड्याच्या नकाशात ती जमीन निवासी म्हणून रंगवलेली होती, आणि अर्ज त्या नकाशाला धरूनच होता. बोर्डाला ‘नाही’ म्हणायला फारसा आधारच उरला नव्हता. तो नकाशा मंजूर झाला तेव्हाच्या सुनावणीला खुर्च्या रिकाम्या होत्या. म्हणून पुढे जे लिहिते आहे ते पाटी लागण्याच्या आधीच्या टप्प्यांबद्दल आहे.

राज्याचा कायदा आधी पाहा

सिटी आणि काउंटीने एकत्र बसायचं की नाही, हे बऱ्याच अंशी राज्य ठरवतं, आणि राज्याराज्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ओरेगनमध्ये १९७३ च्या कायद्यापासून प्रत्येक शहराभोवती वाढीची सीमा, म्हणजे शहर कुठवर पसरू शकतं ती रेघ, आखावी लागते, आणि तिच्या आत पुढच्या वीस वर्षांच्या घरांना पुरेल एवढी जमीन असावी लागते. पोर्टलंडमध्ये हे काम ‘मेट्रो’ ही थेट लोकांनी निवडलेली संस्था मल्टनोमा, क्लॅकमस आणि वॉशिंग्टन या तीन काउंट्यांच्या नागरी भागासाठी करते. वॉशिंग्टन राज्यात १९९० चा वाढ-व्यवस्थापन कायदा आहे. त्याखाली काउंटी आपल्या शहरांबरोबर बसून काउंटीभरासाठी धोरणं ठरवते. नेब्रास्कातल्या लिंकन शहराने आणि लँकेस्टर काउंटीने तर नियोजन खातंच एक ठेवलंय: एकच आयोग, एकच आराखडा. केंटकीतल्या लेक्सिंग्टनने १९५८ मध्येच नागरी सेवांची (सांडपाण्यासारख्या सेवा कुठवर न्यायच्या याची) सीमा आखली, आणि १९७४ मध्ये शहर आणि फायेट काउंटी यांचा कारभारच एक झाला.

दुसरं टोक व्हर्जिनियाचं. तिथे सिटी काउंटीच्या पोटात नसतेच, दोन्ही स्वतंत्र. शहराला वाढायचं तर काउंटीची जमीन तोडून घ्यावी लागे, त्यावरून वर्षानुवर्षं खटले चालत. शार्लट्सव्हिल शहर आणि आल्बमार्ल काउंटीने १९८२ मध्ये यावर करार केला: काउंटीने मालमत्ता कराच्या उत्पन्नातला वाटा दरवर्षी शहराला द्यायचा, शहराने काउंटीची जमीन मागायची नाही. पुढे १९८७ पासून राज्याने शहरांच्या हद्दवाढीवरच स्थगिती आणली, तरी त्या कराराप्रमाणे पैसे जात राहिले. हा करार काउंटीत अनेकांना आजही डाचतो. मला मात्र तो अभ्यासण्यासारखा वाटतो, कारण भांडणाचं मूळ जमीन नसून कर आहे हे त्यात उघडपणे मान्य केलंय.

तुमच्या राज्यात काय आहे हे कळण्यासाठी काउंटीच्या नियोजन खात्याला एकच प्रश्न विचारा: ‘सिटीबरोबर संयुक्त आराखडा कायद्याने बंधनकारक आहे, की करार करून केलेला आहे, की नाहीच?’ उत्तर ‘नाहीच’ असेल तर एमपीओ हेच एकमेव टेबल उरतं जिथे दोघं एकत्र बसतात. मग तुमची सगळी शक्ती तिथे लावा.

लोकसंख्येचा आकडा एकच आहे का

ज्यावर सगळी इमारत उभी असते तो हा आकडा, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी इथे किती माणसं राहतील, किती नोकऱ्या असतील, आणि त्या नेमक्या कुठे असतील? सिटीने आपल्या आराखड्यात एक अंदाज धरायचा, काउंटीने दुसरा, शाळेच्या डिस्ट्रिक्टने तिसरा, असं सर्रास होतं. सिटीला पाणी-सांडपाण्याचं कर्ज फेडता येईल हे दाखवायचं असतं म्हणून तिचा अंदाज चढा. काउंटीला शेतजमीन राखायचीय हे दाखवायचं असतं म्हणून तिचा उतरता. वॉशिंग्टन राज्यात हा घोळ कमी होतो, कारण तिथे राज्य काउंटीला लोकसंख्येची कमाल-किमान मर्यादा देतं आणि शहरांनी-काउंटीने त्यात बसणारा आकडा आपापसांत वाटून घ्यायचा असतो.

वाहतुकीच्या मॉडेलमध्ये आम्ही सगळा प्रदेश शेकडो छोट्या विभागांत तोडतो. प्रत्येक विभागात आज किती घरं, किती नोकऱ्या, आणि आराखड्याच्या शेवटच्या वर्षी किती, असे तक्ते असतात. त्यांवरून मॉडेल सांगतं, की किती फेऱ्या निघतील, कुठून कुठे जातील, गाडीने की बसने, आणि कोणत्या रस्त्याने. म्हणजे विभागातला आकडा चुकला की चौकातला चुकतो, आणि मग जिथे गर्दी होणार तिथे पैसा जातच नाही.

तुम्ही काय करायचं: एमपीओला ईमेल करून तुमच्या विभागाचा क्रमांक आणि त्यातली आजची व भविष्यातली घरसंख्या मागा. ही सार्वजनिक माहिती आहे. मग आपल्या डोळ्यांनी ताडून पाहा. मंजूर झालेली पण न बांधलेली घरं त्यात आहेत का? हद्दीपलीकडची आहेत का? मापासाठी एक आकडा लक्षात ठेवा: स्वतंत्र एका घरामागे कामाच्या दिवशी येणं-जाणं मिळून साधारण साडेनऊ फेऱ्या धरतात. चारशे घरं म्हणजे दिवसाला ३,८०० च्या आसपास, आणि संध्याकाळच्या सगळ्यात गर्दीच्या तासात जवळजवळ चारशे. हे तुमच्या दोन पदरी रस्त्यावर येणार असेल आणि तक्त्यात त्या जागी आजही शेतच असेल, तर तुमच्या हाती भक्कम मुद्दा आहे. रहिवाशांनी दाखवून दिलेल्या अशा चुकीवरून आम्ही तक्ते दुरुस्त केले आहेत, आणि त्याचा आम्हाला आनंदच होतो. ऑफिसात बसून प्रत्येक शेत कोणाला माहीत असणार?

सांडपाण्याचा नकाशा रस्त्याच्या नकाशावर ठेवा

वाढ रस्त्याच्या मागून जाते असं लोकांना वाटतं. माझा अनुभव सांगतो की ती सांडपाण्याच्या वाहिनीमागून जाते. सेप्टिक टाकीवर एकरा-दोन एकराला एक घर बसतं, वाहिनी आली की त्याच जमिनीवर कितीतरी पट घरं बसतात. म्हणून पाणी-सांडपाणी प्राधिकरणाचा विस्ताराचा नकाशा आणि एमपीओचा रस्त्यांचा नकाशा शेजारी ठेवून बघा. वाहिनी जिथे पोचणार आणि रस्ता रुंद होणार नाही, बस जाणार नाही, ती तुमच्या भागाची पुढची डोकेदुखी. उलटंही असतं: रस्ता चौपदरी होणार आणि वाहिनीचा पत्ता नाही, म्हणजे तो पैसा बहुधा दुसरीकडे जास्त उपयोगी पडला असता.

नकाशावर रेघ ओढली आणि बाकी काही जमलं नाही तर काय होतं, हे पोर्टलंडच्या आग्नेयेला डमॅस्कसमध्ये दिसलं. २००२ मध्ये मेट्रोने तो मोठा ग्रामीण टापू वाढीच्या सीमेत घेतला. २००४ मध्ये रहिवाशांनी तिथे नवं शहर स्थापन केलं, आपलं नियोजन आपण करू म्हणून. पण सांडपाणी, रस्ते यांचा खर्च कोणी उचलायचा आणि मुळात वाढ किती हवी यावर एकमत झालंच नाही. आराखडे मतदारांनी फेटाळले, आणि २०१६ मध्ये शहरच विसर्जित करण्याच्या बाजूने कौल दिला. ओरेगनसारख्या नियोजनात मुरलेल्या राज्यात हे घडलं, हे ध्यानात असू द्या.

अर्धवट सोडलेले रस्ते

हा विषय मला फार जवळचा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

नव्या वसाहतीच्या टोकाला एक रस्ता अचानक संपतो. पुढे लाल-पांढरा अडसर, पलीकडे झाडी. तो चुकून सोडलेला नसतो. शेजारची जमीन विकसित झाली की पुढे जोडायचा, म्हणून ठेवलेला असतो. पण मधून सिटीची हद्द जात असली, की पलीकडची वसाहत दुसऱ्याच नियमांनी मंजूर होते आणि जोड राहूनच जातो. मग शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या मैत्रिणीकडे जायला मुख्य रस्त्यावर येऊन, सिग्नलला थांबून, दीड मैलाचा वळसा घालावा लागतो. मुलं सायकलने जाऊ शकत नाहीत. अग्निशमनाची गाडी उशिरा पोचते. मुख्य रस्त्यावर ज्या फेऱ्या येण्याचं काहीच कारण नव्हतं त्या सगळ्या तिथेच येतात, आणि मग तो रुंद करा म्हणून मागणी होते.

व्हर्जिनियाने २००९ मध्ये नियम केला, की नव्या वसाहतीचे रस्ते राज्याने देखभालीला घ्यायचे असतील तर ते आजूबाजूला जोडलेले हवेत. दोनच वर्षांनी तो काहीसा सैल केला, तरी त्यामागचा विचार मला पटतो. तुमच्या संयुक्त आराखड्यात ‘जोडरस्त्यांचा नकाशा’ आहे का ते पाहा. नसेल तर मागा: हद्दीच्या दोन्ही बाजूंचे सगळे अर्धवट रस्ते दाखवणारा एकच नकाशा, आणि सिटी-काउंटी दोघांच्या सबडिव्हिजन (जमिनीचे प्लॉट पाडण्याच्या) नियमांत एकच वाक्य, की शेजारचा अर्धवट रस्ता जोडल्याशिवाय आखणी मंजूर होणार नाही. आणि हो, जोड निघतो तेव्हा सगळ्यात मोठा विरोध त्याच गल्लीतल्या लोकांचा असतो, ‘आमच्या दारातून परकी वाहतूक नको’ म्हणून. त्यांची भीती खरी असते. तिचं उत्तर रस्ता बंद ठेवणं हे नसून तो अरुंद ठेवणं, वेग कमी करणं आणि एकाऐवजी अनेक जोड देणं हे आहे, म्हणजे भार एकाच गल्लीवर पडत नाही.

कोणत्या यादीत नाव आहे

रस्त्याचं काम ‘प्लॅनमध्ये आहे’ असं कोणी सांगितलं तर लगेच विचारा, कोणत्या?

एमपीओचा दीर्घकालीन आराखडा किमान वीस वर्षांचा असतो. हवेच्या प्रदूषणाचे निकष न पाळू शकलेल्या, किंवा नुकतेच पाळू लागलेल्या भागांत तो चार वर्षांनी, इतरत्र पाच वर्षांनी नव्याने करावा लागतो. त्यातली कामं अपेक्षित पैशांत बसावीच लागतात, मनाला येईल ते लिहिता येत नाही. पैशांत न बसणारी कामं एका वेगळ्या, ‘पैसे मिळाले तर’ अशा यादीत टाकतात. तुमचं काम त्या यादीत असेल तर ते आराखड्यात नाही असंच धरून चाला. खरा पैसा लागतो तो टीआयपीत, म्हणजे पुढच्या किमान चार वर्षांच्या कामांच्या कार्यक्रमात. सिटीचा आणि काउंटीचा स्वतःचा भांडवली कार्यक्रम, म्हणजे मोठ्या बांधकामांच्या खर्चाची यादी, याहून निराळा असतो. केंद्राच्या पैशाला सहसा वीस टक्के स्थानिक किंवा राज्याचा हिस्सा लागतो, आणि तो त्या भांडवली कार्यक्रमात नसेल तर टीआयपीतलं काम रेंगाळतं. हे दोन कागद जुळवून बघण्याइतकं उपयोगी काम नाही.

पैसा आटत चाललाय हेही समजून घ्या. केंद्राचा पेट्रोलवरचा कर गॅलनला १८.४ सेंट आहे, तो १९९३ पासून बदललेला नाही. त्यामुळे सिटी आणि काउंटी दोघांना दुकानं-कार्यालयं आपल्याच हद्दीत हवी असतात, त्यांच्यामुळे कर येतो म्हणून. एका चौकाच्या दोन कोपऱ्यांवर दोन मॉल उभे राहतात ते यातूनच. मिनेसोटाने मिनीॲपोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या सात काउंट्यांसाठी १९७१ मध्ये कायदा करून यावर उपाय काढला: व्यापारी-औद्योगिक करपात्र मूल्यात जी वाढ होईल तिच्या ४० टक्के भाग सामायिक खात्यात, आणि मग त्याची सर्वांत वाटणी. असा कायदा तुमच्याकडे उद्या होईल असं नाही, पण एखाद्या चौकापुरता, एखाद्या औद्योगिक क्षेत्रापुरता महसूल वाटून घेणारा करार सिटी-काउंटी करू शकतात. तो मागायला हवा.

करारात काय शोधावं

सिटी-काउंटीचा लेखी करार असेल तर तो मागवून वाचा. बहुतेक करारांत ‘सहकार्य करू’ अशी भाषा भरपूर असते. त्यावर वेळ घालवू नका. मी चार ठिकाणी बोट ठेवून बघते. हद्दीजवळच्या रीझोनिंगची सूचना दुसऱ्याला किती दिवस आधी द्यायची हे आकड्यात आहे का? शहराच्या वाढीच्या पट्ट्यात काउंटीने मंजूर केलेला रस्ता सिटीच्या मापाने बांधायचा आहे का? हे नसेल तर उद्या हद्दवाढ झाली की पदपथ नसलेला रस्ता सिटीच्या गळ्यात पडतो, आणि पदपथ कोणीच बांधत नाही. गर्दीचं प्रमाण मोजायला दोघांची एकच पट्टी आहे का? इथे रस्त्यांना ए (मोकळा) ते एफ (तुंबलेला) अशी श्रेणी देतात. काउंटी डीवर अडून बसली आणि सिटीला ई चालत असेल, तर एकाच चौकाचे दोन निकाल लागतात. कॅलिफोर्नियाने तर २०१३ च्या कायद्याने पर्यावरण परीक्षणातून ही गर्दीची मोजणी काढून टाकायचं ठरवलं, आणि जुलै २०२० पासून गाड्या एकूण किती मैल धावतील हे तिच्या जागी आलं. चौथं, भविष्यातल्या मोठ्या रस्त्याची जागा आत्तापासून राखून ठेवलीय का? लिंकनचा दक्षिणेकडचा वळणरस्ता कित्येक दशकं चर्चेत होता, तो डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. एवढ्या काळात ती जागा घरांनी भरून गेली असती तर तो बांधताच आला नसता.

पत्र लिहा, आणि वेळेत लिहा

सुनावणीत तीन मिनिटं मिळतात, आवाज थरथरतो, आणि मंडळ थकलेलं असतं. बोला जरूर, पण लेखी द्या. एमपीओच्या दीर्घकालीन आराखड्यावर आणि टीआयपीवर आलेल्या महत्त्वाच्या लेखी-तोंडी सूचनांचा गोषवारा आणि त्यांचं काय केलं हे अंतिम दस्तऐवजात द्यावंच लागतं, असा संघीय नियम आहे. म्हणजे तुमच्या पत्राला कागदावर उत्तर मिळतं. ‘वाहतूक फार वाढलीय’ असं लिहिलंत तर उत्तर येईल, ‘नोंद घेतली’. ‘अमुक विभागात मंजूर झालेली अमुक वसाहत मॉडेलमध्ये धरलेली नाही, ती धरून अमुक चौकाचा निकाल पुन्हा काढावा’ असं लिहिलंत तर कोणाला तरी बसून ते बघावं लागतं. एक पान पुरे. एक मुद्दा, एक जागा, एक मागणी. शेजाऱ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज देण्यापेक्षा त्यांनी आपापल्या शब्दांत लिहिलेली पत्रं जास्त वाचली जातात, निदान आमच्याकडे तरी.

पत्र पाठवायची वेळ मसुदा प्रसिद्ध झाल्यावरची नाही, त्याच्याही आधीची आहे. एमपीओत मतं देणारं मंडळ लोकप्रतिनिधींचं असतं, पण याद्या आधी तांत्रिक समितीत घासूनपुसून तयार होतात. तिथे सिटीचे आणि काउंटीचे इंजिनिअर, नियोजक शेजारी-शेजारी बसतात. बैठक बहुधा दुपारी असते, लोकांसाठी थोडा वेळ राखलेला असतो, आणि तो बहुतेकदा कोणी वापरत नाही. एखाद्या बैठकीला रजा काढून या. त्या खोलीत बोललेलं एक नेमकं वाक्य फार दूर जातं.

आराखडा मंजूर झाला की टीआयपीतल्या दुरुस्त्यांच्या ईमेल यादीत नाव घाला, कारण कामं पुढे-मागे सरकतात ती याच दुरुस्त्यांत. दरवर्षी एमपीओला, कार्यक्रमाचं वर्ष संपल्यापासून ९० दिवसांच्या आत, केंद्राचा पैसा प्रत्यक्ष कोणत्या कामांना लागला याची यादी प्रसिद्ध करावी लागते. ती काढा, आपलं काम शोधा. सापडलं नाही तर तांत्रिक समितीच्या सचिवांना लिहा आणि विचारा, काम कुठे अडलंय: डिझाइनमध्ये, जागा घेण्यात, वीज-पाण्याच्या वाहिन्या हलवण्यात, की स्थानिक वीस टक्क्यांमध्ये. स्थानिक वीस टक्क्यांमध्ये असं उत्तर आलं तर पुढचं पत्र सिटीच्या आणि काउंटीच्या बजेट ऑफिसला, दोघांना एकाच ईमेलमध्ये.